कुत्रा आपला, बकरी शेजाऱ्याची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगडच्या बाजूला सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आमचं घर. दारात कुत्रा, गोठ्यात दोन गायी आणि नऊ बकऱ्या. त्यामुळे कुत्र्यांवरून होणाऱ्या भांडणात मी दोन्ही बाजूंनी उभी राहिले आहे: भरपाई मागितली आहे, आणि मान खाली घालून दिलीही आहे. वाडीतले, तालुक्याच्या बाजारात भेटणारे आणि मे महिन्यात मुंबईहून येणारे लोक जे विचारतात, ते इथे लिहून ठेवलं आहे.

आमचा कुत्रा गरीब आहे, कोणाच्या वाटेला जात नाही. तरी बांधायचा का?

हो. हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

कार्तिक महिना होता. भात कापून झालं होतं आणि वाडीतल्या बकऱ्या मळ्यात सुटल्या होत्या. सकाळी शेजारची म्हातारी आमच्या खळ्यात आली. हातात पाटी, पाटीवर गोणपाट. म्हणाली, "काकी, मोती खंय आसा तुमचो?" मोती पायरीवर पाय पसरून झोपला होता. मी म्हटलं, "आमचो मोती गरीब गे, तो कित्याक जातलो?" तिने गोणपाट बाजूला केलं. आत दोन करडं होती, पंधरा दिवसांची. मी तरी हट्टाने नाहीच म्हणत राहिले. मग ती वाकली, मोतीचा गळपट्टा हाताने फिरवला आणि बक्कल माझ्याकडे केलं. बकलाच्या खिळ्यात तांबूस केसांची चिमूटभर गुंतवळ अडकली होती.

तोंड त्याने चाटून स्वच्छ केलं होतं, गळपट्टा चाटता येत नाही.

तेव्हापासून वाडीत असा प्रकार झाला की मी भटक्या कुत्र्यांकडे नंतर बघते. आधी बघते ते ज्यांना नाव आहे, ज्यांना सकाळी चहासोबत खारी मिळते आणि जे रात्री कुठे असतात ते घरात कोणालाच माहीत नसतं, त्यांच्याकडे. आमच्याकडच्या बहुतेक प्रकरणांत शेवटी असाच कोणाचा तरी टिप्या किंवा राजा निघाला.

पोटभर जेवलेला कुत्रा बकरीच्या मागे का लागतो?

कारण ते भुकेचं काम नाही. पळणारी वस्तू दिसली की रोखून बघायचं, दबकत जायचं, धावायचं, धरायचं ही साखळी कुत्र्याच्या अंगातच आहे. पहिली कडी ओढली गेली की पुढच्या आपोआप येतात, आणि धावण्यातच त्याला इतकी मजा येते की वेगळं बक्षीस लागत नाही. बकरी उभी राहिली असती तर कदाचित काही झालं नसतं. पण बकरी पळते. म्हणून मेलेली करडं खाल्लेली नसतात, नुसती टाकलेली असतात, आणि मालकाला त्याचाच जास्त संताप येतो.

एकटा कुत्रा निम्म्या वेळा भुंकून परत येतो. दोन किंवा तीन जमले की एकाचा चेव दुसऱ्याला चढतो. पाऊस सरल्यावर कुत्र्या माजावर येतात, 'कार्तिकातली कुत्री' ही म्हण उगाच पडलेली नाही. त्या दिवसांत शांत घरगुती कुत्रासुद्धा टोळीत सामील होतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत भात कापलेल्या मळ्यांत जनावरं मोकळी असतात.

मग बांधायचा नेमका कधी?

तिन्हीसांजेपासून सकाळी गुरं चरायला जाऊन पुढे निघून जाईपर्यंत. शिवाय गुरं तुमच्या दारावरून जातात-येतात ती दोन्ही वेळ, आणि शेजाऱ्याकडे गाय किंवा बकरी व्यायला झाली असेल ते आठ-दहा दिवस. रक्ताचा आणि वारेचा (व्याल्यावर पडणाऱ्या झिल्लीचा) वास कुत्र्याला दुरून येतो, आणि नुकतं जन्मलेलं वासरू पळूही शकत नाही.

एक गोष्ट मात्र कोकणात विसरून चालत नाही. रात्री अंगणात उघड्यावर बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला ताट वाढून ठेवणं. सुटा कुत्रा निदान पळेल, साखळीचा कुठे जाणार? रात्रीची जागा पडवीत, दार लावून. पडवी नसेल तर वरून छप्पर असलेला जाळीचा पिंजरा. आम्ही जुन्या खाटेच्या लोखंडी चौकटीला जाळी मारून केला आहे, दिसतो भयंकर, पण टिकला आहे.

दिवसभर साखळीलाच ठेवला तर प्रश्नच मिटला ना?

मिटत नाही, वाढतो. जन्मभर साखळीला असलेला कुत्रा चिडका होतो, आणि ज्या दिवशी साखळी तुटते त्या दिवशी समोर येईल त्याच्यावर सगळं निघतं. शिवाय 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याप्रमाणे जनावराला अवास्तव वेळ आखूड किंवा जड साखळीला बांधून ठेवणं, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायचं टाळणं, हे दोन्ही गुन्हे आहेत.

सोपा उपाय म्हणजे दोन माडांच्या मध्ये डोक्यापेक्षा उंच तार ताणायची आणि तिच्यावर सरकणाऱ्या कडीला साखळी लावायची. कुत्रा वीसेक फूट मागेपुढे फिरतो. तारेवर दोन्ही टोकांना गाठ मारा म्हणजे साखळी बुंध्याला गुंडाळली जात नाही, आणि गळ्याजवळची कडी फिरकीची घ्या. जागा गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) जवळ नको. गडग्यावरून पलीकडे उडी मारली आणि साखळी पुरली नाही तर फास बसतो. माडाखाली बांधताय तर वरचे सुके नारळ आणि झावळ्या आधी काढून घ्या, हे वेगळं सांगायला नको, पण सांगते.

गळ्यात लोढणं अडकवायची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. ओंडका गुरांसाठी ठीक असेल, कुत्र्याच्या पायांना त्याने जखमा होतात, आणि ओंडका झुडपात अडकला तर कुत्रा तिथेच राहतो.

कुत्रा राखणीलाच पाळलाय. बांधून ठेवला तर कलमांच्या बागेत माकडांना कोण हाकलणार?

हा प्रश्न खरा आहे. आंब्याच्या दिवसांत, म्हणजे फेब्रुवारीपासून मेपर्यंत, बागेत कुत्रा नसेल तर वानर एका सकाळी काय करून ठेवतात ते ज्याची बाग आहे त्यालाच कळतं. रानडुकरांचं निराळंच. पण राखण म्हणजे मोकाट सोडणं नव्हे. राखणीचा कुत्रा बागेच्या आत असतो. गडगा जिथे ढासळला आहे तिथे चिरे परत लावा किंवा करवंदीची वई (काटेरी कुंपण) करा. गडग्याला एक खिंडार असलं तरी कुत्र्याला ते पहिल्याच दिवशी सापडतं, तुम्हाला दोन वर्षांनी.

दुसरं म्हणजे राखण माणसासोबत. बागेत गडी असेल तेव्हा कुत्रा सुटा, गडी जेवायला गेला की कुत्रा बांधलेला. आणि माकडांमागे धावायला शिकवलेला कुत्रा बकरी आणि वानर यांत आपोआप फरक करील अशी आशा धरू नका. तो फरक शिकवावा लागतो.

पिल्लाला गुरांची सवय कशी लावायची?

जितकं लवकर तितकं बरं. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झाल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत जे रोज बघतं, ते त्याला पुढे घरचं वाटतं. गोठ्याच्या दारात त्याला घेऊन बसा. गाय रवंथ करते आहे, बकऱ्या पाला खाताहेत आणि काही घडत नाहीये, हेच त्याला शिकवायचं आहे. कंटाळा यायला हवा.

चार महिन्यांनंतर दोरी लावून कळपाजवळून न्या. सुरुवातीला पन्नास पावलं दूर. कुत्र्याकडे बघा: कान पुढे, तोंड बंद, अंग ताठ आणि एक पाय उचललेला, ही धावण्याआधीची खूण. ती दिसली की त्याच क्षणी नाव घेऊन उलट्या दिशेला वळायचं, आणि तो वळला की सुक्या बांगड्याचा तुकडा. धावायला लागल्यावर हाका मारून उपयोग नसतो, तेव्हा त्याला तुम्ही ऐकूच येत नाही. आठवड्याभरात अंतर कमी करत आणा. 'ये' म्हटल्यावर येणं हे आधी खळ्यात, मग रस्त्यावर आणि सगळ्यात शेवटी बकऱ्यांसमोर. लोक नेमकं उलट करतात.

लांब दोरी वापरा, विहिरीच्या रहाटाची जुनी चालेल. हात सोलवटायचा नसेल तर टोकाला गाठ मारून ठेवा.

एकदा चटक लागलेला कुत्रा सुधारतो का?

कमी होतं, जात नाही. मोतीला मी तीन वर्षं शिकवलं. तो माझ्यासमोर बकऱ्यांकडे ढुंकूनही बघत नाही, आणि माझ्या मागे काय करील याची मी आजही हमी देणार नाही. मेलेली कोंबडी गळ्यात बांधून आठवडाभर फिरवायची हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. त्याने कुत्र्याला वास मारतो, दुसरं काही होत नाही. मारझोडीनेही तो बकरी सोडत नाही, मारणाऱ्याच्या समोर बकरी धरायचं सोडतो.

नर असेल तर खच्चीकरण करून घ्या, माद्यांमागे चार गावं भटकणं बरंच थांबतं. शिकारीची ओढ मात्र त्याने जात नाही, तशी अपेक्षा ठेवून पशुवैद्यकाला नंतर बोल लावू नका.

आम्ही मुंबईहून मे महिन्यात येतो. लॅब्रॅडॉर सोबत असतो, तो तर बाळासारखा आहे. त्याला मोकळं सोडलं तर?

तुमचा लॅब्रॅडॉर अकरा महिने लिफ्टने खाली उतरतो. त्याने गाय बघितलेली असते ती नाक्यावर गवत खाणारी. इथे आल्यावर त्याला एकदम सडा, वारा आणि घंटा वाजवत जाणारा कळप दिसतो. त्याची काहीच चूक नाही, तो आनंदाने वेडा होतो. पण तीस किलोचा आनंद गाभण बकरीच्या अंगावर आला तर ती पडते. बकरी पाच महिने गाभण असते, शेवटच्या दीड-दोन महिन्यांत नुसतं जोरात पळवलं तरी गाभ टाकू शकते. एक दातही न लागता.

समुद्रावरही तेच. संध्याकाळी आमच्या किनाऱ्यांवर गायी वाळूत येऊन बसतात, वारा असतो आणि माश्या नसतात. पर्यटक गाडीतून उतरतात आणि पहिली गोष्ट करतात ती म्हणजे पट्टा सोडणं. घरगुती निवासाची व्यवस्था चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की खोलीच्या चावीसोबतच हे पाहुण्यांना सांगा. पाहुणा रविवारी निघून जातो, मेलेल्या बकरीचा मालक तुमच्या शेजारीच राहतो.

कुत्रा पट्ट्याला आहे आणि गाय अंगावर येतेय. काय करायचं?

पट्टा सोडा. नुकती व्यालेली गाय किंवा म्हैस कुत्र्यावर धावून येते, तुमच्यावर नाही. कुत्रा गाईपेक्षा चपळ आहे, तो निघून जाईल. तुम्ही पट्टा धरून राहिलात किंवा कुत्र्याला उचललंत तर शिंगं आणि कुत्रा यांच्या मध्ये तुम्ही. कुत्र्याला जवळ घेऊ नका आणि पाठ फिरवून पळू नका, गडग्याच्या दिशेने बाजूला व्हा. हा एकच प्रसंग ज्यात मी कुत्रा सोडायला सांगते.

कुत्र्याने बकरी धरली आहे. आत्ता, या घडीला काय करू?

हात मध्ये घालू नका. बादलीभर पाणी तोंडावर, नाहीतर गोणपाट डोक्यावर टाका. सुटल्यावर कुत्र्याला आधी बांधा, नाहीतर तो परत येतो.

मग बकरी. बाहेरून चार बारीक भोकं दिसतात आणि वाटतं की वाचली. कुत्रा धरून झटके देतो, त्यामुळे आतलं मांस सुटलेलं असतं, वर केस असतात म्हणून दिसत नाही. केस कापा. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा, घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, राख, डिझेल काही भरू नका. पोव्हिडोन आयोडीन असेल तर लावा. हातावर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवूनच हे करा, कारण लाळ तुमच्या हातावरच्या खरचटलेल्या जागेत गेली तर लस तुम्हालाही घ्यावी लागते. घाबरलेल्या, आडव्या पडलेल्या जनावराच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. सावलीत, शांत जागी, गोणपाटावर ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. दवाखाना लांब असेल तर 1962 या क्रमांकावर फिरत्या पथकासाठी फोन करता येतो.

डॉक्टर प्रतिजैविक आणि धनुर्वाताचं बघतील. रेबीजच्या लशीचं मात्र तुम्ही स्वतःहून विचारा. चावलेल्या जनावराला ती एक नसते, चावल्याचा दिवस शून्य धरून 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी अशी मालिका असते. दोन घेऊन बकरी चरायला लागली की लोक थांबतात. थांबू नका. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडतात, रोज बघत जा.

आणि चावणारा कुत्रा मारू नका. त्याला दहा दिवस बांधून त्याच्यावर लक्ष ठेवा. दहा दिवस तो धडधाकट राहिला तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता हे कळतं. पहिल्याच दिवशी मारला तर मग बकरीपासून ती धुणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांनी अंधारातच चालायचं. मरायला टेकलेली बकरी कापून वाडीत वाटून टाकायची सवय आहे, तीही अशा वेळी नको. दूध उकळल्याशिवाय घेऊ नका.

कुत्रा होता की बिबट्या, हे कसं ओळखायचं?

बिबट्या गळा धरतो. गळ्यावर सुळ्यांच्या खोल खुणा, बाकी अंग बरंचसं शाबूत, आणि जनावर ओढत झाडीत नेलेलं. कुत्री मागून येतात: मागचे पाय, कास, शेपूट, कान, सगळीकडे फाडलेलं आणि खाल्लेलं फारसं नाही. एका रात्रीत चार-पाच जनावरं मारून तिथेच टाकलेली असतील तर मी आधी कुत्र्यांचाच विचार करीन. बिबट्याच्या पंजात नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या उमटतात. कातळावर ठसा मिळणार नाही, पाणवठ्याच्या चिखलात शोधा, आणि सापडला तर त्यावर पाटी उपडी घालून ठेवा म्हणजे वनरक्षक येईपर्यंत कोंबड्या तो उकरणार नाहीत.

बिबट्याचा संशय असेल तर 48 तासांच्या आत वन विभागाला कळवा, 1926 हा त्यांचा क्रमांक आहे. मेलेलं जनावर पंचनामा होईपर्यंत हलवू नका. वन्यप्राण्याने मारलं तर शासन भरपाई देतं, पाळीव कुत्र्याने मारलं तर देत नाही. म्हणूनच काही जण कुत्र्याचं खापर बिबट्यावर फोडायला बघतात, आणि भरपाईच्या यादीत रानकुत्रा आहे असं कळल्यावर तर एकाने मोत्याच्या भावाला रानकुत्रा करायचा प्रयत्न केला होता. वनरक्षक हसून परत गेला.

भरपाई कोणी आणि किती द्यायची?

कुत्र्याच्या मालकाने, पूर्ण. दोन घरचे कुत्रे असतील तर निम्मी निम्मी. कोणी किती चावे घेतले याचा हिशोब करत बसू नका.

किंमत ठरवायचं आमच्याकडे असं झालं आहे: मोठी बकरी किंवा बोकड असेल तर त्या आठवड्याच्या बाजारातला जिवंत वजनाचा भाव. गाभण असेल तर पोटातल्या करडांचं वर काहीतरी. करडू असेल तर त्याचं आजचं वजन धरून शंभर-दोनशे हातावर ठेवायचे नाहीत, विकायच्या वयात त्याचं जे आलं असतं त्यातून चाऱ्याचा खर्च वजा करायचा. कोकण कन्याळसारख्या जातीची, पैदाशीसाठी राखलेली बकरी असेल तर मांसाचा भाव लावणं हा अपमान आहे. जनावर वाचलं तर औषधपाण्याचा सगळा खर्च आणि दवाखान्याच्या फेऱ्यांचं भाडं. कानातला बिल्ला, विमा आणि डॉक्टरांचा शवविच्छेदन अहवाल असेल तर विम्याचं वेगळं बघता येतं, पण तोपर्यंत शेजाऱ्याला थांबवून ठेवू नका.

मी त्या दोन करडांचे सहा हजार दिले. म्हातारीने पाच मागितले होते. त्याच संध्याकाळी दिले, कारण रात्र मध्ये गेली की घरातले बाकीचे लोक बोलायला लागतात आणि 'आमचाच कशावरून' सुरू होतं. रक्कम मोठी असेल तर पोलीस पाटील किंवा तंटामुक्त समितीच्या समोर कागदावर लिहून घ्या.

पोलिसांत जाता येतं का? कायदा काय म्हणतो?

कायदा इथे थोडा तिरका आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 आपल्या ताब्यातल्या जनावराबाबतच्या निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं. पण ते माणसाच्या जिवाला किंवा माणसाला गंभीर दुखापत होण्याच्या धोक्याबद्दल आहे. तुमचा कुत्रा गुराख्याच्या अंगावर जातो हे माहीत असून तुम्ही त्याला सोडलात तर ते लागतं. बकरीपुरतं बघायचं तर कलम 325 आहे, जनावर मारणं, विष घालणं किंवा निकामी करणं, पाच वर्षांपर्यंत कैद. त्यात मात्र नुकसान करायचा हेतू किंवा ते होणार याची जाणीव दाखवावी लागते. कोणी कुत्रा मुद्दाम अंगावर सोडला तर गोष्ट निराळी. नुसता रात्री सुटून गेला तर फौजदारीपेक्षा दिवाणी नुकसानभरपाईचा रस्ता उरतो, आणि तो लांबचा असतो. म्हणून वर कागदाचं सांगितलं. पोलिसांत तक्रार नोंदवून ठेवणं मात्र चांगलं: दुसऱ्यांदा झालं तर 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणायची सोय राहत नाही.

कोंडवाड्याचं लोक विचारतात. 1871 च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात गुरं म्हणजे काय याची यादी आहे. तिच्यात बकऱ्या आहेत, डुकरं आहेत, उंट आणि हत्तीसुद्धा आहेत. दोडामार्गवाल्यांनी हसू नये, त्यांच्याकडे रानहत्ती येतात. कुत्रा नाही. तुमची बकरी माझ्या वांग्यांत शिरली तर मी तिला कोंडवाड्यात घालू शकते, माझा कुत्रा तुमच्या गोठ्यात शिरला तर तुम्ही नाही.

वैतागून कोणी विष घातलं तर?

ते वर सांगितलेलं कलम 325 मग विष घालणाऱ्यावरच उलटतं. आणि मांसाला लावलेलं कीटकनाशक नाव बघून मारत नाही: कोल्हा, मुंगूस, घार, शेजारचं मांजर, कोणीही खातं. ज्या कुत्र्यासाठी घातलं तो बहुतेक वेळा पडवीत झोपलेला असतो.

ज्यांना मालकच नाही अशा कुत्र्यांचं काय?

2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटके कुत्रे पकडून, नसबंदी आणि रेबीजची लस करून परत त्याच भागात सोडायचे, ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. ग्रामसभेत ठराव घ्या आणि पाठपुरावा करा. पकडून पलीकडच्या गावच्या हद्दीत सोडणं हा उपाय नव्हे, तेही मग त्यांचे कुत्रे आपल्याकडे सोडतात.

त्याआधी दोन कामं आपल्या हातातली. कोंबडीच्या दुकानाचा कचरा आणि सुकत घातलेली मासळी उघड्यावर ठेवायची नाही. आणि पोळीचे तुकडे रोज घालून 'आमचा नाही, असाच येतो' म्हणायचं नाही. ज्याला रोज घालता त्याचे तुम्ही थोडे तरी मालक आहात, निदान त्याच्या लशीचं बघा.

घाटावरून मेंढ्यांचे कळप येतात तेव्हा?

पाऊस संपल्यावर धनगर कळप घेऊन घाट उतरतात आणि शेतात मेंढ्या बसवतात, जमिनीला खत मिळतं. त्यांचे कुत्रे मेंढ्यांबरोबरच वाढलेले, राखणीला पक्के. तुमचा कुत्रा तिकडे गेला तर मार खाऊन येईल आणि ती चूक तुमची. ज्या शेतात कळप बसणार आहे त्याच्या शेजारच्या घरांना आदल्या दिवशी सांगण्याची रीत आहे, ती ज्याने कळप बोलावला त्याने पाळावी.

कुत्रा चावत नाही, पण दुसऱ्याच्या मळ्यात घाण करतो. त्याने काय बिघडतं?

बरंच, आणि हे कोणी विचारत नाही. कुत्र्याच्या पोटातल्या काही जंतांची अंडी विष्ठेतून गवतावर येतात, बकरीच्या पोटात जातात आणि तिच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी धरतात. एका जातीच्या तर मेंदूत जातात आणि मेंढी-बकरी एकाच जागी गोल फिरत राहते. हीच यकृतातली गाठ कापताना फेकून दिली आणि कुत्र्याने खाल्ली की चक्र पूर्ण होतं. निओस्पोरा नावाच्या परजीवीमुळे गायी गाभ टाकतात, तोही कुत्र्यांतून येतो. म्हणून कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, कच्चं आतडं-यकृत कधीच नाही, आणि गाईची वार कुत्र्याच्या तोंडी लागू द्यायची नाही. खोल पुरा. वार गोणपाटात बांधून वडाला टांगतात ती पद्धत मला आवडते, मात्र नीट उंच टांगली पाहिजे.

रेबीजची लस तीन महिन्यांच्या पिल्लाला, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी आणि मग दर वर्षी. तिचं कार्ड देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवा. भांडण झालं की पहिल्यांदा तेच मागतात.

आमचा कुत्रा आता म्हातारा झाला, दातही पडलेत. तरी बांधायचा?

बांधा. मोती तेरा वर्षांचा आहे, पुढचे दोन सुळे गेलेत आणि भात कालवून द्यावा लागतो. परवा दुपारी कडी लावायची राहिली तर म्हातारीच्या गाभण बकरीला त्याने मळ्याच्या त्या टोकापर्यंत पळवलं. तिला काही झालं नाही. मी तरी आठ दिवस रोज सकाळी जाऊन तिच्या गोठ्यात डोकावून येत होते.